चव कोणी पाहायची

अहो, काल तुमची तेरवी आटोपली. काही पाहुणे सौंसरच्या बसने गेले, काही नागपूरच्या गाडीने. मांडव सुटला, भाड्याची भांडी परत गेली, आणि आता मागच्या ओट्यावर मी एकटीच बसले आहे. इतके दिवस घरभर लोक तुमच्याबद्दल बोलत होते. किती भला माणूस, किती कष्टाळू, दारात आलेल्याला कधी रिकामं पाठवलं नाही. ऐकून ऐकून मी थकले. बायकोने रडायचं आणि लोकांनी बोलायचं, अशीच रीत असावी. मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचे होते, त्याला कोणी जागाच दिली नाही.

आणि एक तुमच्या लक्षात आलं असतं तर हसला असता. धंद्याचं नाव कोणीच घेतलं नाही. 'बापूरावचा बाहेरदेशी व्यापार होता', एवढंच. ऐकणाऱ्याला वाटावं, तुम्ही मोती विकत होता. तुम्ही डुकराचं मांस विकत होता. मिठात मुरवून, धुरात सुकवून, गोणपाटात शिवून, पेट्यांत भरून, पांढुर्ण्याच्या स्टेशनवरून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने कोलंबोला. त्याला बेकन म्हणतात हे या गावाला तुमच्यामुळे कळलं, आणि कळल्यावर गावाने नाक दाबलं. ज्या घरात अंडं येत नाही त्या घरातला मुलगा हा धंदा करतो, म्हणून लोक आधी हसले, मग चिडले, मग सवयीने गप्प झाले. मी मात्र आज नाव घेणार आहे. आपल्या दोघांत पडदा कशाला?

तुम्ही या धंद्यात शिरलात ते संत्र्यांच्या मागून. मामंजींची संत्र्यांची अडत होती, आणि लढाईच्या काळात आपली संत्री कामठीच्या छावणीत जायची. तिथल्या गोऱ्या साहेबांना सकाळच्या खाण्यात बेकन लागायचं, आणि समुद्रातल्या लढाईमुळे विलायतेचा माल येईनासा झाला होता. एक दिवस तुम्ही कामठीहून आलात ते टोपी न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात.

"अवं, हे लोक संत्र्याले घासाघीस करून राहिले, अन् एका गोष्टीसाठी मागन तो भाव देऊन राहिले."

"कोनत्या गोष्टीसाठी?"

तुम्ही सांगितलं. मी हातातली परात खाली ठेवली. "आत्याबाईले सांगितलं?"

"सांगितलं. माय म्हनते, आपन शिवाचं नाही, खायाचं नाही. कापनारे दुसरे, खानारे दुसरे. आपन फक्त पाठवाचं. लक्ष्मीले कुठं इटाळ असते?"

तुमच्या आईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, हा निवाडा. त्यावर आपलं घर चाललं. तिगावच्या रस्त्याला आपल्या शेतात टिनाचं शेड उभं राहिलं. रामाकोना गावचे डुकरं पाळणारे लोक जनावरं आणून द्यायचे, कापणारे वेगळे होते, आणि खारवायचं काम कामठीहून आणलेला डिसोझा मेस्त्री करायचा. तुम्ही नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे आणि संध्याकाळी विहिरीवर आंघोळ करून मगच घरात यायचे. आत्याबाई वरून विचारायच्या, "डोक्यावरून घेतलं का?" तुम्ही ओरडून हो म्हणायचे. रोजचंच होतं ते.

मग स्वातंत्र्य आलं. झेंडावंदनाला तुम्ही शाळेत पेढे वाटलेत आणि घरी येऊन डोकं धरून बसलात, कारण गोरी पलटण निघून जात होती आणि तिच्याबरोबर तुमचं गिऱ्हाईक. "इंग्रज गेला म्हनून सुतक पाळनारे गावात तुमी एकटेच," मी म्हटलं. तुम्ही हसलात, पण त्या दिवशी जेवला नाहीत. डिसोझा मेस्त्रीही आपल्या माणसांत, गोव्याला निघून गेला. आत्याबाई म्हणाल्या, देवानेच सोडवलं, आता पुरे. पण तोवर तुम्हाला चटक लागली होती. पैशाची म्हणत नाही मी. आपल्या हातची वस्तू दूर कुठे तरी जाते आणि तिथे कोणी तरी तिची वाट पाहतं, याची. सौंसर, छिंदवाडा आणि फार तर नागपूर एवढंच ज्या घराचं जग, त्या घरात तुम्ही नकाशा आणून भिंतीवर लावलात आणि कोलंबोवर कुंकवाचं बोट टेकवलंत. मला बोलावून दाखवलंत. एवढंसं बेट, आणि तुमचा चेहरा लग्नाच्या मुलासारखा.

कोलंबोच्या व्यापाऱ्याशी मुंबईच्या दलालाने गाठ घालून दिली. तिथल्या बोटींवर आणि साहेबांच्या हॉटेलांत माल खपायचा. पहिला माल तुम्ही स्वतःच्या देखरेखीखाली काढलात. मेस्त्री नव्हता, पण त्याची कृती तुम्हाला तोंडपाठ होती. आणि त्या जनावरांचे लाड! कोलंबोला जाणार म्हणून तुम्ही त्यांना पाहुण्यांसारखं ठेवलंत. आपल्या तेलघाणीची शेंगदाण्याची ढेप, जी म्हशीला घालताना गडी हात आखडता घ्यायचा, ती डुकरांपुढे टोपल्यांनी ओतलीत. "बाहेरदेशी जाऊन राहिले बाप्पा, आपल्या गावचं चांगलं खाऊन जाऊ दे," म्हणायचे. आपल्याकडच्या माणसाला पाहुणचार म्हटला की हात राखता येत नाही, मग पाहुणा कोण का असेना.

माल गेला. मग दलालाची तार आली. कोलंबोवाल्याने माल नाकारला होता. चरबी तुपासारखी पाझरते आणि मीठ इतकं की तोंडात धरवत नाही. तो माणूस भला, म्हणून एक नमुना पुन्हा पाठवा म्हणाला होता. तोही असाच निघाला तर व्यवहार संपला.

तुम्ही शेडमध्ये सगळ्यांना उभं करून विचारलंत, चव कोणी पाहिली होती? पाहिली तर होती. गडी घरी डुकराचं खाणारे, त्यांना तुम्ही तुकडा दिला होता आणि ते "एक नंबर माल हाय मालक" म्हणाले होते. मालकाच्या मालाला नाव कोण ठेवणार? ज्याच्या मनात आलं असेल त्यानेही पोटाचा विचार केला असेल. आणि तुम्ही स्वतः तर तो नैवेद्य असल्यासारखे वागला होता. करायचं, झाकायचं, पुढे ठेवायचं, पण आपल्या तोंडाला लावायचं नाही. देव नैवेद्य परत पाठवत नाही आणि गिऱ्हाईक पाठवतं, एवढा फरक तुमच्या ध्यानात आला नव्हता.

आता तो दिवस. त्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो, म्हणून तो नीट सांगते. एरवी तुम्ही मध्येच बोलला असता.

दुपारची वेळ होती. आत्याबाई आत आडव्या झाल्या होत्या. मी याच ओट्यावर लिंबाच्या लोणच्याला मीठ लावत होते. माझ्या हातच्या मिठाचं तुम्ही चारचौघांत कौतुक करायचे, ते एक तुमचं बरं होतं. तुम्ही पळसाच्या पानात झाकून काही तरी आणलंत. शेडवरच्या तव्यावर भाजलेला तुकडा होता तो, अजून गरम होता. पान ओट्याच्या कडेला ठेवलंत आणि पाठ फिरवून परसातल्या संत्र्याच्या झाडाकडे पाहत उभे राहिलात.

"कोनीतरी चव पाह्याले पाह्यजे," तुम्ही म्हणालात.

मी लिंबाला मीठ लावत राहिले.

"गडी खरं सांगत नाहीत. खरं सांगनारं मानूस पाह्यजे." हेही तुम्ही झाडालाच सांगितलंत.

मी त्या पानाकडे पाहिलं. माझे वडील सौंसरला मास्तर. घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. मला रडू आलं, आणि रागही आला, आणि त्याच वेळी गेल्या कित्येक दिवसांतलं तुमचं उतरलेलं तोंड आठवलं. मी हात धुतले आणि तुकडा तोंडात टाकला. थुंकणार नाही असं ठरवलंच होतं. नीट चावला, गिळला. खारट, धुराचा, आणि मागून तेलकट. वाईट म्हणणार नाही. परका होता.

"खारट आहे," मी म्हटलं. "अन् याले शेंगदान्याचा वास येऊन राहिला. चरबी तोंडात तेल होते. ढेप बंद करा, जवारी अन् ताक द्या."

तुम्ही वळलात. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी नंतर कधी पाहिलं नाही. भीती होती आणि आनंदही होता. "बराबर सांगून राहिली?"

"बराबर."

तुम्ही शेडकडे धावत सुटलात. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात नैवेद्य न्यायचा होता. मी उंबऱ्याशी थांबले. माणसांना फसवता येईल, पण देवापुढे तसंच जाऊन उभं राहायचं माझ्याने झालं नाही. "आत्याबाई, आज माह्या हातचा नैवेद्य नको. मी काल ते चाखलं," मी सांगून टाकलं. त्या लगेच रागावल्या नाहीत. तुम्ही अंगणात चपला घालत होता. त्यांनी तिथूनच विचारलं, "काऊन रे, तू सांगितलं होतं का हिले?"

तुम्ही वाकलेलेच राहिलात. "मी काऊन सांगीन? मी नाही सांगितलं काही," म्हणालात, आणि स्टेशनच्या वाटेला लागलात.

त्या दिवसापासून देवघर मला बंद झालं. सणावारीचा सोवळ्याचा स्वयंपाक बंद झाला. पंगत आत बसायची आणि माझं पान इथे, या ओट्यावर. कोणी वाईट बोललं नाही. तोंडभरून वहिनी म्हणायचे, फक्त माझ्या हातचं पाणी घ्यायचे नाहीत. दिवाळीला सौंसरला माहेरी गेले, तर भावजयीने माझा पेला वेगळा काढून ठेवला होता. बातमी माझ्या आधीच्या बसने पोचली होती.

आणि हे सगळं तुमच्या एका 'हो'वर अडलं होतं. नवऱ्याच्या शब्दाखातर बायकोने केलं तर तिला दोष नाही, असं आपल्यातल्या म्हाताऱ्यांचं मत. तुम्ही नुसतं म्हणाला असतात, 'माय, मीच सांगितलं', तर मी संध्याकाळी आंघोळ करून पुन्हा दिवा लावायला मोकळी होते. पण मग आत्याबाईंनी तुम्हाला विचारलं असतं, की शिवायचं नाही, खायचं नाही हे ठरलं होतं त्याचं काय, आणि शेडला कुलूप घालायला लावलं असतं. हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून दुखत नव्हतं असं नाही. मी कधी दागिना मागितला नाही तुमच्याकडे. ते एक वाक्य मागत होते.

दुसरा नमुना पसंत पडला. कोलंबोहून मागणी सुरू झाली. आणि मग काय, उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं? प्रत्येक वेळी माल निघायच्या आधी, आत्याबाई दुपारच्या आडव्या झाल्या की, तुम्ही पळसाचं पान घेऊन यायचे आणि मी चव सांगायचे. मीठ कमी, मीठ जास्त, धूर कडू लागतो, बाभळीचं लाकूड नको. वाळून गेलेल्या संत्र्याच्या झाडांचं लाकूड धुरासाठी वापरा हे मीच सुचवलं, आणि कोलंबोवाला म्हणे त्या वासावरून आपली पेटी ओळखायला लागला. तुम्ही ते मला सांगितलंत तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! कोण कुठला माणूस, समुद्रापलीकडचा, आणि माझी जीभ त्याला पटत होती. घरात कोणाला माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं.

तुमचं भलंही सांगते, नाही तर म्हणाल सगळं वाईटच काढलं. मी तुकडा तोंडात टाकला की तुम्ही संत्रं सोलायला घ्यायचे. पाठ फिरवूनच. शिरा काढून, बी काढून, एकेक फोड हात मागे करून माझ्यापुढे धरायचे. तोंड साफ व्हावं म्हणून. आणि पंगत बसली की आतला आपला पाट सोडून ताट घेऊन बाहेर यायचे आणि माझ्याजवळ बसायचे. लोक बाईलवेडा म्हणायचे, आत्याबाई ओरडायच्या, तुम्ही वरणात भात कालवत राहायचे. माझ्या हातचं तुम्ही एक दिवसही टाकलं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा. आणि त्याच वेळी वाटायचं, एवढं करता, मग ते एक वाक्य तोंडातून का निघत नाही?

किती वेळा भांडलो आपण त्यावरून. आठवतं, रामाकोन्याला जनावरं पाहायला गेलो होतो, तुम्ही छकडा हाकत होता?

"मी काय म्हटलं होतं? कोनीतरी पाह्याले पाह्यजे. तू पाह्य, असं म्हटलं होतं का मी?"

"ओट्यावर दुसरं कोन होतं? लोनच्याची बरनी?"

"तू नाही म्हनाली असती तं मी पान उचलून नेलं असतं."

"अन् मग कोनाकडे गेले असते?"

यावर तुम्ही बैलांना हाक मारलीत. चांगले चालत होते बिचारे. पुढे कपाशीच्या शेतात बाया वेचणीला लागल्या होत्या, त्या आपल्याकडे पाहून हसल्या. नवरा-बायको भांडत चाललीत, एवढंच त्यांना दिसलं असेल. तुम्हीही थोड्या वेळाने हसलात, आणि मीही, आणि विषय तिथेच राहिला. दर वेळी तो असाच कुठे तरी राहायचा.

मग राज्यं फुटली. मध्यप्रदेश हे नाव आपल्याकडे राहिलं आणि नागपूर त्यातून गेलं. गावात चौकाचौकांत वाद. शाळेत मराठी राहते की जाते, कोर्टात काय बोलायचं, पोरांनी नोकरीला कुठे जायचं. आपला बंडू तेव्हा नागपूरला शिकत होता, तो रातोरात दुसऱ्या राज्यातला विद्यार्थी झाला. तुमची चिंता मात्र वेगळी. मालाबरोबर गुरांच्या डॉक्टरचा दाखला लागायचा. नागपूरला सकाळच्या गाडीने जाऊन तुम्ही तो संध्याकाळपर्यंत घेऊन यायचे. आता तो भोपाळहून आणायचा होता. तिथल्या साहेबाला बेकन म्हणजे काय हे सांगता सांगता तुमची हिंदी संपायची. "डुक्कर तं तेच हाय," घरी येऊन तुम्ही म्हणालात, "त्यानं कुठं राज्य बदललं?" मी खूप हसले होते. तुम्ही नाही हसलात.

पुढच्याच उन्हाळ्यात पेट्या स्टेशनवर पडून राहिल्या, दाखल्याची वाट पाहत. वरून पांढुर्ण्याचं ऊन. तुम्ही गोणपाट ओलं करून करून पेट्यांवर टाकत होता. दाखला आला तोवर माल गेला होता. मला चव पाहायची गरज पडली नाही, वास वेशीपर्यंत येत होता. कोलंबोवाल्याने थोडे दिवस वाट पाहिली आणि मग डेन्मार्कचा माल धरला. त्याचं तरी काय चुकलं? तुम्ही शेडचे टिन विकलेत, तिथे पुन्हा संत्र्याची कलमं लावलीत, आणि आत्याबाईंनी घरात सत्यनारायण केला. मी ओट्यावरून पोथी ऐकली.

तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी म्हणाल. शेड नाही, माल नाही, कुलूप घालायला काही उरलं नाही. आता एका वाक्याने तुमचं काय जाणार होतं? पण तुम्ही म्हणाला नाहीत, आणि मीही बरेच दिवस विचारलं नाही. थकलो होतो आपण दोघं. धंदा बसल्यावर तुम्ही एकाएकी म्हातारे दिसायला लागलात. दुपारी उठून मागे यायचे, माझ्या बाजूला नुसते बसून राहायचे. मला ते बसणं आवडायचं, हे सांगायचं राहून गेलं. म्हणून आज सांगते.

छातीचं दुखणं लागलं आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात. एक दिवस पेज पाजता पाजता मी म्हटलं, "आता तं सांगा."

"काय?"

"तुमाले माहीत आहे काय."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोपलात. मग तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणालात, "तू पाह्य, असं म्हटलं होतं का मी?" आणि ओठांच्या कडेला हसलात. मला तुमचा असा राग आला, की काय सांगू! पेजेची वाटी घेऊन बाहेर आले. आणि दारात उभी राहून हसले पण, कारण इतक्या दिवसांनी तुम्ही माझ्याशी भांडला होता. नंतर तुम्ही फारसं बोललाच नाहीत. शेवटी ओठ हलले म्हणून मी कान लावला, तर विचारत होता, "माल गेला का?" मी म्हटलं, गेला. कोलंबोला पोचला. तुम्ही मान हलवलीत.

आता कालचं ऐका.

आत्याबाईंना दिसेनासं झालं आहे. देवघरात चाचपडत दिवा लावतात, हात भाजून घेतात. बंडूचं लग्न आज ना उद्या करावं लागेल, आणि ज्याच्या आईच्या हातचं पाणी चालत नाही त्याला मुलगी कोण देणार? तुमचे थोरले चुलतभाऊ अण्णाजी यांनी सगळ्यांशी बोलून ठेवलेलं दिसलं. पंगत बसायच्या आधी, अंगणात सगळा गोतावळा जमलेला असताना त्यांनी मला दारात बोलावलं.

"वहिनी, एक गोष्ट विचारून राहिलो. सगळ्यांसमोर सांगा, म्हंजे मिटून जाईन. बापूरावनं सांगितलं म्हनून चाखलं नं तुमी?"

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "सांग पोरी. सांगून टाक. मेलेल्या मानसाले कोन वाळीत टाकते? सांग, अन् आत ये. माह्यानं आता होत नाही वं."

बघा. जे वाक्य तुमच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं तरसले, ते माझ्यापुढे ताटात वाढून ठेवलं होतं. आणि ते खरं होतं. नुसती मान हलवायची होती. माझी मान हलणारच होती, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात मागच्या बायांमध्ये कोणी तरी हळूच म्हणालं, "म्हंजे धंद्यापायी बायकोले बाटवलं म्हना बापूरावनं." दुसरीने तिला चूप केलं. पण ते बंडूच्या कानावर गेलं होतं. मुंडण केलेलं डोकं वर करून तो माझ्याकडे पाहायला लागला. त्याने तुम्हाला अग्नी दिला होता. मी काय म्हणते त्यावर त्याचा बाप कसा माणूस होता ते ठरणार होतं.

आणि तुम्ही तिथे नव्हता. तुम्ही असता तर काही तरी उलटं बोलला असता, बैलांना हाक मारली असती, मला चिडवलं असतं. मग मी सगळ्या गावासमोर सांगितलं असतं आणि जिंकलेही असते. पण तोंडच नसलेल्या माणसावर सगळं टाकून देवघरात जायचं, हे मला जमेना. फार दमले होते मी. देवाला कळायचं ते त्या पहिल्या सकाळीच कळलं असेल, असंही वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी नाही सांगितलं. मी माह्या मनानं चाखलं."

अण्णाजींना वाटलं, मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला, सावकाश, लहान मुलीला विचारावं तसा. मी पुन्हा तेच सांगितलं. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. बंडूने मान खाली घातली आणि त्याचे खांदे सैल पडलेले मला दिसले. मग दिवा अण्णाजींच्या बायकोने लावला, तुमचं पान तिनेच वाढलं, आणि माझं ताट नेहमीसारखं इथे आलं.

तेव्हा घ्या. तुमचं म्हणणं आता सगळ्या पांढुर्ण्याने मान्य केलं आहे. तुम्ही सांगितलं नव्हतं. यापुढे कोणी विचारलं तरी मी हेच सांगेन, बंडूच्या पोरांनी विचारलं तरी हेच. पण आत्ता इथे कोणी नाही, म्हणून बोलते. तुम्ही सांगितलं होतं. पाठ फिरवून का होईना, पण मलाच सांगितलं होतं. आता तरी हो म्हणा.